स्टेपनी, भोंगा आणि ब्रेक : फोर्ड मॉडेल टीच्या जोडसाहित्याचा इतिहास

१/
रस्त्यात चाक पंक्चर झाले की मराठी माणूस ‘स्टेपनी’ काढतो. रिक्षावाल्यापासून ट्रकचालकापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द मुळात एका रस्त्याचे नाव आहे. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले. त्याला आरे नव्हते. केवळ एक रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, एवढेच त्याचे स्वरूप होते. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ते चिमट्यांनी आवळून बसवायचे आणि गाडी पुढे न्यायची. खुद्द ब्रिटनमध्ये हा शब्द मागे पडला, भारतात मात्र तो शंभर वर्षांनंतरही रोजच्या वापरात आहे.

२/
डेव्हिस बंधूंचा हा धंदा चालला, कारण त्या काळी मोटारी जादा चाकाशिवाय विकल्या जात. आज जे भाग गाडीचेच अवयव वाटतात, त्यांतील बरेचसे एकेकाळी वेगळे पैसे मोजून, वेगळ्या दुकानातून आणून बसवावे लागत. आरसा, बंपर, वेगमापक, मागचा थांबादर्शक दिवा यांची हीच कथा आहे.

आज जुन्या गाड्यांचे संग्राहक हे तत्कालीन जोडसाहित्य शोधून पुन्हा बसवतात. त्याकडे सहसा शोभेची बाब म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात त्यांतील काही वस्तू गाडी सुरक्षित करतात, तर काही वस्तू चालकाच्या नकळत तिचा ब्रेकच हिरावून घेतात. हा फरक समजून घेण्यासाठी फोर्डच्या मॉडेल टीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

३/
मॉडेल टी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली आणि मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडरचे, सुमारे २.९ लिटरचे इंजिन, २० अश्वशक्ती आणि ताशी ६५ ते ७० किलोमीटरचा कमाल वेग, हा तिचा मूळ ठेवा जवळजवळ एकोणीस वर्षे तसाच राहिला.

तिची किंमत मात्र तशी राहिली नाही. आरंभी ८५० डॉलरना मिळणारी ही गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यास, सर्वांत साध्या रूपात, ३०० डॉलरच्याही खाली आली. १९१३ मध्ये हायलँड पार्क येथे सरकती जोडणी-पट्टी सुरू झाली. ज्या सांगाड्याच्या जोडणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ती पुढे सुमारे दीड तासात होऊ लागली.

४/
या स्वस्ताईची एक किंमत होती. ग्राहकाला निवड नव्हती आणि गाडीत चैनीला जागा नव्हती. १९१४ ते १९२५ या काळात रंगही एकच, काळा. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. पेट्रोल किती उरले हे पाहायचे तर सर्वांनी उठायचे, बैठक उचलायची आणि टाकीत काठी बुडवायची. तेलाची पातळी पाहण्यासाठी गाडीखाली वाकून दोन छोट्या तोट्या उघडून पाहायच्या. टाकीतून पेट्रोल केवळ उतारानेच कार्बुरेटरकडे वाहत असल्याने, टाकी अर्धवट असली की उभ्या चढावर इंजिन बंद पडे. त्यावर चालकांनी शोधलेला तोडगा प्रसिद्ध आहे. गाडी वळवायची आणि चढ मागच्या मागे, रिव्हर्समध्ये चढायचा.

फोर्डने गाडीचा गाभा दिला. बाकीची गाडी ग्राहकाने स्वतः पूर्ण करायची, असा हा अलिखित करार होता.

५/
हा करार पूर्ण करण्यासाठी एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत जॉर्ज पेपरडाइन यांनी फोर्ड गाड्यांचे जोडसाहित्य टपालाने विकण्यासाठी अल्प भांडवलावर ‘वेस्टर्न ऑटो’चा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याची देशभर दुकाने झाली. सीअर्स-रोबक कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमध्येही फोर्डसाठीच्या वस्तूंची पानेच्या पाने असत. इंडियानापोलिसच्या हॅसलरचे धक्काशोषक, रेडिएटरवर बसणारे तापमापक, विजेचे भोंगे, आरसे, सामानाच्या पेट्या, अशा हजारो वस्तू शेतकऱ्याच्या घरी टपालाने पोहोचत.

ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक वसाहतींना मॉडेल टी पुरवण्याचे काम फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. भारतातील उजव्या बाजूच्या सुकाणूच्या टी गाड्या त्याच मार्गाने आल्या. पुढे १९२६ मध्ये त्या कंपनीची भारतीय उपकंपनी स्थापन झाली.

६/
जोडसाहित्याचा सुरक्षिततेशी संबंध कळण्यासाठी आधी ही गाडी चालते कशी, हे पाहिले पाहिजे. तिला तीन पेडल आहेत, पण त्यांतील एकही ऍक्सिलरेटर नाही. इंजिनाचा वेग सुकाणूच्या दांड्यावरील एका कळीने हाताने वाढवायचा. तिच्या समोरची दुसरी कळ ठिणगी केव्हा पडावी हे ठरवते.

डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी पहिल्या, म्हणजे संथ गिअरमध्ये जाते. पूर्ण सोडले की वरच्या गिअरमध्ये. न्यूट्रल या दोहोंच्या मधोमध असते. मधले पेडल रिव्हर्सचे. उजवे पेडल ब्रेकचे. याशिवाय हाताने ओढण्याचा एक दांडा असतो. तो पूर्ण मागे ओढला की गाडी न्यूट्रलमध्ये येते आणि मागच्या चाकांचा हातब्रेक लागतो.

७/
आता ब्रेककडे वळू. उजव्या पेडलाने लागणारा ब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्समधील एका ड्रमभोवती पट्टा आवळतो. ही रोखणारी शक्ती ड्रमकडून प्रोपेलर शाफ्टला, शाफ्टकडून डिफरन्शियलला, तेथून मागच्या एक्सलला आणि अखेरीस चाकांना पोहोचते. म्हणजे ज्या वाटेने इंजिनाची ताकद चाकांकडे जाते, त्याच वाटेने थांबण्याची ताकदही जाते.

वरवर पाहता चालकाच्या पायाखाली तीन ब्रेक आहेत असे वाटते. ब्रेकचा पट्टा झिजू नये म्हणून जुने चालक गाडी हळू करण्यासाठी रिव्हर्सचे पेडलही आलटून पालटून वापरत, आणि उतारावर संथ गिअरने इंजिनाचा रोध घेत. पण हे तिन्ही उपाय एकाच साखळीला टांगलेले आहेत. साखळीचा एखादा दुवा तुटला की तिन्ही एकदम निकामी होतात.

८/
हा दुवा कोठे तुटतो? डिफरन्शियलच्या आत, दोन्ही बाजूंचा दाब सोसणारे काही वॉशर असतात. मूळ गाड्यांत ते बॅबिट या मऊ मिश्रधातूचे होते. काळाने हा धातू ठिसूळ होतो, त्याला भेगा जातात आणि त्याचे तुकडे पडतात. वॉशर गेला की मोठे दातेरी चक्र आपल्या जागेवरून सरकते आणि छोट्या चक्राशी असलेली त्याची पकड सुटते. त्या क्षणी इंजिनाचा चाकांशी संबंध संपतो आणि पायाच्या ब्रेकचाही.

बाहेरून पाहता अशा गाडीत काहीच वावगे दिसत नाही. रंग चकचकीत, पितळ उजळलेले, इंजिन ठेक्यात. म्हणून जाणकार नवख्या मालकाला पहिला प्रश्न विचारतात तो दिव्यांचा किंवा भोंग्याचा नसतो. मागच्या एक्सलमधील बॅबिटचे वॉशर काढून ब्राँझचे घातले आहेत का, हा तो प्रश्न. ही खात्री नसेल तर एक्सल उघडून पाहण्याला पर्याय नाही.

९/
येथे तत्कालीन जोडसाहित्यातील सर्वांत मोलाची वस्तू पुढे येते. ‘रॉकी माउंटन ब्रेक’ या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणाऱ्या पट्ट्यांची असते. ती ब्रेकच्या पेडलाशीच जोडतात. पेडल दाबले की आधी चाके थेट आवळली जातात आणि गिअरबॉक्समधील मूळ ब्रेक पाठीशी राखीव राहतो. डिफरन्शियलची साखळी तुटली तरी चाकांवरचा ब्रेक शाबूत असतो.

याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. पट्टे उघडे असल्याने पावसात भिजले की पकड कमी होते. साध्या प्रकारच्या जोडणीत पट्टा पुढे जाताना जितका आवळतो तितका मागे घसरताना आवळत नाही. त्यामुळे चढावर गाडी मागे येऊ लागली तर केवळ याच ब्रेकवर विसंबता येत नाही. दोन्ही चाकांचे पट्टे सारखे लागतात की नाही, हेही वरचेवर तपासावे लागते, अन्यथा गाडी एका अंगाला ओढली जाते.

१०/
दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे रकस्टेल एक्सल. मॉडेल टीला पुढे जाण्याचे दोनच गिअर होते. वरचा गिअर चढाला पुरत नसे आणि संथ गिअरमध्ये गाडी रांगू लागे, शिवाय डावे पेडल सतत दाबून धरून पाय भरून येई. रकस्टेलने मागच्या एक्सलमध्येच आणखी एक जादा टप्पा दिला. हाताच्या दांड्याने तो घालता-काढता येतो आणि त्यामुळे चालकाला दोनऐवजी चार टप्पे मिळतात. फोर्डच्या अधिकृत विक्रेत्यांकडे मिळणारी आणि कंपनीची मान्यता असलेली ही जोडणी होती, हे तिचे वेगळेपण.

पण दांडा अर्धवट पडला तर एक्सल दोन्ही टप्प्यांच्या मध्ये, न्यूट्रलमध्ये अडकू शकतो. साखळी तेथे तुटते आणि गिअरबॉक्समधील ब्रेक चाकांपर्यंत पोहोचत नाही. चढ सोपा व्हावा म्हणून घेतलेली वस्तू उतारावर गाडी मोकळी सोडू शकते.

११/
हाच धोका वॉरफर्डसारख्या जादा गिअरबॉक्समध्ये अधिक उघड आहे. हा गिअरबॉक्स मूळ गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्या मध्ये बसतो. गिअर बदलताना तो प्रत्येक वेळी न्यूट्रलमधून जातो. घाट उतरताना चालकाने गिअर काढला आणि पुढचा पडलाच नाही, तर पायाखालची तिन्ही पेडल निरुपयोगी होतात. उरतो तो मागच्या चाकांचा हातब्रेक. तो मुळात उभी गाडी जागेवर धरण्यासाठी होता. धावती गाडी थांबवणे हे त्याचे काम नव्हते.

यावरून एक साधा नियम निघतो आणि मॉडेल टी चालवणाऱ्यांत तो सर्वमान्य आहे. रकस्टेल किंवा वॉरफर्ड बसवायचा असेल, तर त्याआधी चाकांवरचा स्वतंत्र ब्रेक बसवावा. दोन्ही वस्तू तत्कालीन, दोन्ही अस्सल. तरीही त्या कोणत्या क्रमाने बसवल्या, यावर चालकाचा जीव अवलंबून असतो. गिअर बदलायचा तो उतार सुरू होण्यापूर्वी, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

१२/
जोडसाहित्याचा एक तिसराही वर्ग होता, वेग वाढवणाऱ्या वस्तूंचा. लुई शेवरले आणि त्यांच्या भावांच्या ‘फ्रंटेनॅक’ या नावाने टीच्या इंजिनासाठी नवे सिलिंडर हेड मिळत. अशा ‘फ्रंटी फोर्ड’ गाड्या शर्यतींत उतरल्या. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत एल. एल. कोरम यांनी अशी गाडी पाचव्या क्रमांकावर आणली. शेतकऱ्याच्या गाडीच्या वंशजाने महागड्या शर्यतीच्या गाड्यांशी केलेली ही बरोबरी होती.

परंतु इंजिन बदलल्याने ब्रेक बदलत नाहीत. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६४ किलोमीटर वेग धरला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर अडीच पटींहून अधिक होते. ज्या गाडीला फक्त मागच्या चाकांवर रोध आहे, तिच्यात वेगाची भर घालण्यापूर्वी हे गणित मांडणे अगत्याचे आहे. चारही चाकांना ब्रेक फोर्डने दिले ते टीची उत्तराधिकारी असलेल्या मॉडेल ए गाडीत, १९२७ च्या अखेरीस.

१३/
गाडी हलण्यापूर्वीच होणारे अपघातही होते. विजेचा स्टार्टर मॉडेल टीवर मिळू लागला तो १९१९ पासून. त्याआधी, आणि नंतरही बऱ्याच गाड्यांवर, पुढून हँडल मारूनच इंजिन सुरू करावे लागे. ठिणगीची कळ उशिराच्या बाजूला न ठेवता हँडल मारले, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्फोट होऊन हँडल उलटे फिरते. त्याने मनगट मोडल्याचे प्रकार त्या काळी नित्याचे होते.

म्हणून जुनी शिकवण आजही पाळली जाते. ठिणगी उशिरा. हातदांडा पूर्ण मागे. अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला. जोर लावायचा तो वर ओढताना, खाली दाबताना नव्हे. शक्यतो डाव्या हाताने. आणि चाकांना पुढून उटी लावलेली असावी, कारण थंडीत दाट झालेल्या तेलामुळे क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहतात आणि न्यूट्रलमधली गाडीही हँडल मारणाऱ्याच्या अंगावर सरकते.

१४/
दिव्यांचा इतिहास काळाशी जुळणाऱ्या वस्तू निवडताना उपयोगी पडतो. आरंभीच्या टीवर पुढचे मोठे दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. पाण्याचे थेंब कॅल्शियम कार्बाइडवर पाडून हा वायू गाडीवरच तयार करत. अनेकांनी त्याऐवजी ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ या कंपनीची वायूने भरलेली तयार टाकी बसवली. बाजूचे आणि मागचे दिवे रॉकेलचे होते.

१९१५ च्या गाड्यांपासून पुढचे दिवे विजेचे झाले, पण ही वीज इंजिनाच्या चाकावर बसवलेल्या मॅग्नेटोची होती. इंजिन जोरात तर दिवे लख्ख, इंजिन हळू तर दिवे मिणमिणते. अंधाऱ्या वळणावर चालक वेग कमी करी आणि नेमक्या त्याच वेळी समोरचा रस्ता दिसेनासा होई. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी तिचे दिवे अस्सल ठेवावेत. मात्र सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याचा बेतही त्याच अस्सलपणाचा भाग मानावा.

१५/
रेडिएटरच्या झाकणावरचा गोल तापमापक, म्हणजे ‘बॉइस मोटोमीटर’, ही त्या काळाची सर्वांत ओळखीची खूण. काचेतील लाल रेषा वर चढली की पाणी तापले, हे चालकाला आसनावरूनच दिसे. पण हे यंत्र रेडिएटरच्या वरच्या भागातील वाफेचे तापमान दाखवते. पाणी खूप खाली गेले तर त्याच्या वाचनावर विसंबता येत नाही. म्हणून ते पाहणे हे पाणी तपासण्याला पर्याय ठरत नाही.

टीच्या अगदी पहिल्या काही गाड्यांना पाण्याचा पंप होता. तो पुढे काढून टाकला गेला, कारण तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर जाते या तत्त्वावर इंजिन थंड राहू शकत होते. तरीही बाजारात जादा पंप भरपूर खपले. इंजिन तापण्याचे कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर किंवा उशिरा ठेवलेली ठिणगी असे. पंप बसवून मूळ दोष झाकला जाई, आणि गळणारा आणखी एक भाग मात्र वाढे.

१६/
टायर आणि चाके यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अमेरिकी टीच्या पुढच्या चाकांवर ३० बाय ३ इंची आणि मागे ३० बाय साडेतीन इंची टायर असत. या ‘क्लिंचर’ टायरची कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकते आणि तेथे ती धरून ठेवते ती आतील हवा. म्हणून दाब ५५ ते ६० पौंडांच्या आसपास ठेवावा लागतो. आधुनिक गाडीची सवय असलेला मालक निम्मीच हवा भरतो आणि वळणावर टायर रिमवरून उतरण्याची वेळ आणतो.

चाकांचे आरे लाकडाचे. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि आरे सैल होतात. चाक धरून हलवले असता कुरकुर ऐकू आली, तर ते चाक रस्त्यावर नेण्याजोगे नाही. बैलगाडीचे चाक ओळखणाऱ्या सुताराला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

१७/
तत्कालीन वस्तू निवडताना ‘तत्कालीन’ म्हणजे नेमका कोणता काळ, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुटत नाही. टी एकोणीस वर्षे निघाली. पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच्या गाड्यांचा, काळे कवच १९१७ पासूनचे. फुगीर, कमी दाबाचे टायर १९२५ चे. १९१२ च्या पितळी गाडीवर १९२४ च्या कॅटलॉगमधील वस्तू बसवली, तर दोन्ही अस्सल असूनही त्यांची जोडी कालविसंगत ठरते.

मात्र या नियमाला एक दुसरी बाजूही आहे. १९१२ ची गाडी १९२४ मध्येही रस्त्यावर होतीच. मालक तिच्यावर नवनव्या वस्तू चढवत होता. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली कोरी गाडी हा तिच्या आयुष्याचा एकच दिवस. गाडीचा इतिहास म्हणजे त्या दिवसानंतरची वर्षेही होत. त्यामुळे बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे साल लिहून ठेवणारा मालक सर्वांत प्रामाणिक ठरतो.

१८/
काही बाबतींत काळाशी जुळण्याचा आग्रह सोडणेच शहाणपणाचे आहे. टीच्या पुढच्या काचा साध्या होत्या, फुटल्या की सुऱ्यांसारखे तुकडे होत. आज ती काच बदलताना दोन थरांची सुरक्षित काच घालावी. दिसण्यात फरक पडत नाही. मूळ गाडीला थांबादर्शक दिवा नव्हता आणि मागचा चालक आता हाताच्या इशाऱ्यांची भाषा विसरला आहे. मागे एक लहानसा दिवा आणि संथ वाहनाचा त्रिकोण लावल्याने इतिहासाची हानी होत नाही. आरसा तर तत्कालीनच मिळतो.

सर्वांत अवघड बदल मात्र चालकाला स्वतःत करावा लागतो. आधुनिक गाडी चालवणारा घाबरला की डावा पाय क्लच समजून तळापर्यंत दाबतो. मॉडेल टीत त्याच कृतीने संथ गिअर लागतो आणि थांबू पाहणारी गाडी भिंतीकडे सरकते. काही जण सवयीखातर पायाचा ऍक्सिलरेटर जोडतात. तोही त्या काळी मिळत असे, पण त्याने गोंधळ घटतो की वाढतो, हे मोकळ्या मैदानावर तासन्‌तास सराव करूनच ठरवावे.

१९/
जुने जपणे आणि जीव जपणे यांत विरोध आहे काय? ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेची भूमिका समतोल आहे. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी किंवा कायद्यासाठी बदल करावे लागले, तर ते नजरेत न भरणारे असावेत आणि मूळ वाहनाला कमीत कमी धक्का लावणारे असावेत, असा तिचा आशय आहे.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे, आणि प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व दुरुस्ती अशा मर्यादित कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. म्हणजे नटबोल्ट सोडले की निघणारी वस्तू आणि गाडी कायमची बदलणारी वस्तू यांतील भेद आता नुसता अभिरुचीचा राहिलेला नाही.

२०/
या साऱ्याचा व्यवहारातील क्रम असा लावता येतो. आधी एक्सल उघडून वॉशर पाहावेत, मग चाके आणि टायर. त्यानंतर चाकांवरचा स्वतंत्र ब्रेक. तो नीट लागतो हे सपाट रस्त्यावर आणि सौम्य उतारावर पारखल्यावरच जादा गिअर. वेग वाढवणारी वस्तू सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. मूळ काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, म्हणजे पुढचा मालक गाडी पूर्ववत करू शकेल. भोंगा आणि मोटोमीटर यांना कोणताही क्रम चालतो.

‘रॉकी माउंटन’ हे नाव ज्या पर्वतरांगांवरून पडले, तेथील घाट उतरताना कारखान्यातून आलेल्या गाडीचे उणेपण चालकांना कळले. ते उणेपण भरून काढणाऱ्या वस्तू त्यांच्यासाठी बनल्या आणि त्यांनी त्या विकत घेतल्या. आज त्याच वस्तू दागिना म्हणून मिरवल्या जातात. लानेलीच्या रस्त्यावरचे ते आरे नसलेले चाकही असेच, कोणाला तरी भर रस्त्यात अडकून पडावे लागले म्हणून जन्मले. पुढच्या वेळी डिकीतून स्टेपनी काढताना तिची हवा तपासून ठेवली, तरी या इतिहासाचा थोडा उपयोग झाला म्हणायचा.